‘येतं’, ‘शकतं’ आणि ‘असेल’: इंग्रजी मोडल क्रियापदांची मराठी वाट

इंग्रजीत एखादे काम करण्याची क्षमता किंवा एखादी गोष्ट घडण्याची शक्यता सांगायची असली की मुख्य क्रियापदाच्या आधी कॅन, कुड, मे, माइट यांपैकी एक छोटे क्रियापद येते. व्याकरणात त्यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. वर्गात नुसते ‘मोडल’. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, त्याआधी ती पाचवीपासून असे. तरीही बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाची मोडलशी खरी झटापट होते ती बारावीला. कृतिपत्रिकेत ‘क्षमता दाखवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा’ किंवा ‘शक्यता दाखवणारे मोडल वापरा’ अशी सूचना येते, आणि तोवर वहीत एक तक्ता पक्का झालेला असतो: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मे म्हणजे कदाचित, माइट म्हणजे त्याहून कमी कदाचित. या तक्त्यातली एकही ओळ पुरती खरी नाही. तक्त्यात जे भेद बुडतात ते बहुतेक सगळे त्या मुलाच्या घरच्या मराठीत आधीपासून नांदत असतात, म्हणून या विषयाकडे मराठीच्या बाजूने पाहणे फायद्याचे ठरते.

आधी घडण. मराठीत ‘तो पोहू शकतो’, ‘ती पोहू शकते’, ‘ते पोहू शकतात’ असे रूप बदलते ते साहाय्यक क्रियापदाचे. मुख्य क्रियापद ‘पोहू’ जागचे हलत नाही. इंग्रजीत दोन्ही जागची हलत नाहीत. ‘ही कॅन स्विम’, ‘शी कॅन स्विम’, ‘दे कॅन स्विम’. एरवी ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यापुढे क्रियापदाला लागणारा ‘एस’ इथे कॅनलाही लागत नाही आणि स्विमलाही नाही. कॅननंतर ‘टू’ येत नाही, आणि प्रश्न किंवा नकार करताना ‘डू’ची मदत लागत नाही: ‘कॅन शी स्विम?’, ‘शी कान्ट स्विम.’ मराठी मुलाच्या हातून ‘कॅन टू स्विम’ निसटते याचे कारण उघड आहे. मराठीत मुख्य क्रियापदाला ‘ऊ’, ‘ता’ किंवा ‘आयला’ असे काहीतरी चिकटल्याशिवाय पुढचे क्रियापद येतच नाही, म्हणून इंग्रजीतही तिथे काहीतरी हवे असे वाटत राहते.

‘एस’ न लागण्यामागे जुना इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत कॅन हे ‘कुन्नन’ या क्रियापदाचे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘जाणणे, माहीत असणे’ असा होता. मे हे ‘मागन’चे रूप, अर्थ ‘बळ असणे’. म्हणजे आज शक्यता सांगणारे मे एके काळी ताकदीचे क्रियापद होते, आणि आज ताकद सांगणारे कॅन ज्ञानाचे. या क्रियापदांची वर्तमानकाळाची रूपे मुळात भूतकाळाच्या धाटणीची होती, आणि भूतकाळात ‘ही’, ‘शी’साठी वेगळा प्रत्यय नव्हता. ती सवय हजार वर्षांनंतरही टिकून आहे. जर्मनमध्येही ‘एर कान’ म्हणताना नेहमीचा ‘ट’ लागत नाही, तो याच कारणाने. कुडच्या लेखनातला न उच्चारला जाणारा ‘एल’ मात्र मूळचा नाही. वुड आणि शुड यांच्या देखादेखी तो मागाहून आत शिरला.

आता क्षमता. इंग्रजीत वर्तमानकाळातल्या जवळजवळ सगळ्या क्षमतेचा भार एकटे कॅन उचलते. मराठीत हे काम किमान चार घरांत वाटलेले आहे, आणि मराठी माणूस ती घरे कधी चुकत नाही.

पहिले घर ‘येणे’. ‘मला पोहता येतं’, ‘तिला भाकरी करता येते’, ‘त्याला ट्रॅक्टर चालवता येतो’. यात शिकून अंगी आणलेले कौशल्य असते, आणि ते ज्याच्या अंगी आहे तो वाक्याचा कर्ता न राहता ‘मला’, ‘तिला’, ‘त्याला’ असा चतुर्थीत जातो. मराठवाड्यात पोरे पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला वाळल्या भोपळ्याची सांगड किंवा रिकामा डबा बांधलेला, काठावर थोरला भाऊ किंवा चुलता उभा, आणि एक दिवस डबा सोडूनही पोरगा तरंगतो. त्या दिवसापासून त्याच्याबद्दल ‘त्याला पोहता येतं’ असे म्हणतात. ‘तो पोहू शकतो’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

दुसरे घर ‘शकणे’. ‘ताप उतरलाय, आता तो पोहू शकतो’, ‘ही गाडी दोन टन ऊस ओढू शकते’. इथे कौशल्यापेक्षा परिस्थितीने किंवा बळाने मोकळी असलेली वाट महत्त्वाची. ज्याला पोहता येते तो हात मोडल्यावर पोहू शकत नाही. ज्याला येत नाही तो हात धड असूनही पोहू शकत नाही. इंग्रजीत दोघांसाठी वाक्य एकच, ‘ही कान्ट स्विम’. नेमके काय म्हणायचे आहे ते मागच्या-पुढच्या वाक्यावरून कळते, किंवा ‘डझन्ट नो हाउ टू स्विम’ असे उलगडून सांगावे लागते. या एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा स्पष्ट आहे. हिंदी-उर्दूतही ‘मुझे तैरना आता है’ आणि ‘मैं तैर सकता हूँ’ असा हाच फरक आहे, त्यामुळे निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेल्या जुन्या पिढीलाही तो सरावाचा होता.

तिसरे घर सर्वांत खास मराठी, आणि इंग्रजीत त्याला जागाच नाही. ‘आजीला आता पायऱ्या चढवत नाहीत’, ‘उन्हात चालवत नव्हतं’, ‘त्याच्याच्यानं उठवंना’. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. धातूला ‘व’ लागतो आणि अंगातले त्राण किंवा मनाची तयारी याबद्दल बोलले जाते. मराठीचे पहिले मोठे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा ठसा होता. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले, त्यात मराठीच्या अशा स्वतःच्या रूपांचा विस्ताराने विचार झाला. हे रूप इंग्रजीत नेताना मोठी चूक होते. दुष्काळात चारा संपला की ‘जनावरांचे हाल बघवत नाहीत’ असे कोणीही म्हणते. तक्त्याप्रमाणे त्याचे इंग्रजी ‘आय कॅनॉट सी’ असे होईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की बोलणाऱ्याला दिसत नाही. इथे ‘आय कान्ट बेअर टू वॉच’ म्हणावे लागते. तसेच ‘मला बोलवेना’ हे भावनेच्या भरात म्हटले असेल तर ‘आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू स्पीक’. कॅन आहे, पण सोबत ‘बेअर’ किंवा ‘ब्रिंग मायसेल्फ’ जोडल्याशिवाय मराठी ‘व’ची भरपाई होत नाही.

चौथे घर ‘जमणे’ आणि ‘होणे’. ‘उद्या यायला जमेल का?’, ‘माझ्याच्यानं होणार नाही’. सोय, सवड, बेताने पार पडणे असा त्याचा रोख. इंग्रजीत इथेही कॅनच: ‘कॅन यू कम टुमॉरो?’

या चारही घरांतली वाक्ये ‘शकणे’त कोंबून मग इंग्रजीत नेली तर काम भागते, पण मुलाच्या मनात कॅन आणि शकणे यांची जोडी घट्ट बसते आणि पुढे शक्यतेच्या प्रकरणात ती आडवी येते. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ नावाच्या पुस्तकांवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी शिकली. त्या पद्धतीवर आक्षेप बरेच घेता येतील, पण तिथे वाक्याच्या बदल्यात वाक्य होते. आजच्या गाइडांतल्या तक्त्यांत शब्दाच्या बदल्यात शब्द आहे, आणि मोडलच्या बाबतीत हा बदल तोट्याचा ठरला आहे.

क्षमतेच्या प्रकरणात एक छोटा पण रोजचा मुद्दा इंद्रियांचा. मराठीत ‘मला डोंगर दिसतोय’, ‘भोंगा ऐकू येतोय’ यात ‘शकणे’ कुठेच नाही. इंग्रजीत मात्र पाहणे, ऐकणे, वास येणे यांसाठी कॅन लागते: ‘आय कॅन सी द हिल’, ‘आय कॅन हिअर द सायरन’. ‘आय ॲम सीइंग द हिल’ हे मराठीच्या ‘दिसतोय’वरून पडलेले वाक्य आहे आणि इंग्रजीत ते खटकते.

भूतकाळातली क्षमता हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. इंग्रजीचा नियम असा. पूर्वी एखादी क्षमता अंगात होती एवढेच सांगायचे असेल तर कुड: ‘ॲज अ चाइल्ड शी कुड डाइव्ह इंटू द वेल’. पण एका विशिष्ट वेळी एखादे काम प्रत्यक्ष पार पडले असे सांगायचे असेल तर कुड चालत नाही. तिथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागते. विहिरीत पडलेली शेळी गावकऱ्यांनी दोर टाकून वर काढली, तर ‘दे वर एबल टू पुल द गोट आउट’. ‘दे कुड पुल द गोट आउट’ म्हटले तर इंग्रजी कानाला वाक्य अर्धवट वाटते. ताकद होती, मग काढली की नाही?

इंग्रजी शिकवणारी पुस्तके हा नियम पाठ करायला सांगतात. मराठी मुलाला तो पाठ करण्याची गरज नाही, कारण त्याची भाषा हाच भेद रूपातून दाखवते. दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘त्यांना शेळी बाहेर काढता येत होती, पण त्यांनी काढली नाही.’ हे वाक्य ठीक आहे. ‘त्यांना शेळी बाहेर काढता आली, पण त्यांनी काढली नाही.’ हे वाक्य कोणताही मराठी माणूस बोलणार नाही, कारण ‘काढता आली’ म्हटले की शेळी वर आलेलीच असते. ‘शकणे’चेही तेच: ‘काढू शकत होते’ यात काम झालेच असे नाही, ‘काढू शकले’ यात काम झाले. भेद ‘येणे’ आणि ‘शकणे’ यांच्यातला नाही. क्रिया चालू किंवा सवयीची आहे, की एकदा घडून संपली, यावर तो ठरतो. ‘यायचं, येत होतं, शकायचा, शकत होता’ हा एक गट, त्याला कुड. ‘आलं, आली, शकला, शकले’ हा दुसरा गट, त्याला ‘वॉज एबल टू’.

हिंदीत ‘निकाल सके’ म्हटल्यावरही काम पार पडल्याचा अर्थ आपोआप निघतो. भाषाशास्त्रज्ञ राजेश भट्ट यांनी १९९९ च्या आपल्या प्रबंधात ग्रीक आणि हिंदीतल्या अशा रूपांची चर्चा केली, आणि त्यानंतर भाषाशास्त्रात या प्रश्नावर बरेच लिहिले गेले. फ्रेंच आणि इटालियनमध्येही असेच होते. म्हणजे या बाबतीत मराठी एकटी नाही. रूपातून हा भेद न दाखवणारे कुड हेच शिकणाऱ्याला कोड्यात टाकते. तक्त्यातली ‘कुड म्हणजे शकलो’ ही ओळ म्हणूनच सर्वांत घातक आहे. ‘शकलो’चे इंग्रजी बहुतेक वेळा कुड नसतेच.

अपवाद दोन, आणि दोन्ही सोपे. नकारात भेद मिटतो. ‘त्यांना शेळी काढता आली नाही’ आणि ‘काढता येत नव्हती’ या दोन्हींसाठी ‘दे कुडन्ट पुल इट आउट’ चालते, कारण काम झालेच नाही तेव्हा घोटाळ्याला जागा नाही. आणि इंद्रियांच्या क्रियापदांबरोबर होकारातही कुड चालते: ‘आय कुड हिअर द गोट क्राइंग’, म्हणजे शेळीचे ओरडणे खरोखर ऐकू येत होते.

भविष्यकाळात कॅनला स्वतःचे रूप नाही. ‘विल कॅन’ असे इंग्रजीत होत नाही, कारण दोन मोडल एकापाठोपाठ येत नाहीत. ‘पुढच्या वर्षी तिला इंग्रजी बोलता येईल’ याला ‘शी विल बी एबल टू स्पीक इंग्लिश नेक्स्ट इयर’. आत्ताच ठरवायच्या सोयीबद्दल बोलताना मात्र भविष्यातल्या गोष्टीलाही साधे कॅन पुरते: ‘आय कॅन कम ऑन मंडे.’

शक्यतेकडे वळल्यावर चित्र उलटे होते. इथे इंग्रजीने कामाची वाटणी केलेली आहे आणि मराठी ‘शकणे’ सगळीकडे फिरते. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ आणि ‘मराठवाड्यात भर पावसाळ्यात पाऊस ओढ देऊ शकतो’ या दोन वाक्यांत एकच ‘शकतो’ आहे. अर्थ मात्र दोन. पहिल्यात एका ठरावीक दिवसाबद्दलचा अंदाज आहे. दुसऱ्यात अंदाज नाही. या प्रदेशाचा स्वभाव सांगितला आहे, असे अधूनमधून घडते एवढेच. इंग्रजी या दोघांना वेगळी मोडले देते. स्वभावाला कॅन: ‘द रेन्स कॅन फेल इन मराठवाडा.’ ठरावीक अंदाजाला मे, माइट किंवा कुड: ‘इट मे रेन टुमॉरो.’ ‘इट कॅन रेन टुमॉरो’ हे वाक्य मराठी, हिंदी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत सर्रास आढळते आणि ते चुकीचे आहे. शक्यता एका घटनेबद्दल असेल तर होकारी वाक्यात कॅन वापरायचे नाही, एवढे लक्षात ठेवले की या प्रकरणातल्या निम्म्या चुका टळतात.

ओळखायची सोपी खूण मराठीतच आहे. वाक्यात ‘कधी कधी’ घालून पाहावे. ‘मराठवाड्यात पाऊस कधी कधी ओढ देऊ शकतो’ हे जुळते, म्हणून कॅन. ‘उद्या कधी कधी पाऊस पडू शकतो’ हे जुळत नाही. तिथे ‘कदाचित’ जुळतो, म्हणून मे.

मराठीत शक्यता सांगायला ‘शकणे’ हा एकच मार्ग नाही, आणि बोलताना तो पहिला मार्गही नाही. पहिला मार्ग क्रियापदाच्या शेवटातला. दिंद्रुडच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणारी माणसे उशीर झाला की काय बोलतात ते ऐकावे. ‘गाडी धारूरच्या घाटात अडकली असेल.’ दुसरा म्हणतो, ‘अडकली असावी, कालपासून काम चालू आहे तिथं.’ तिसरा म्हणतो, ‘अडकलीच असणार, मागची पण आली नाही.’ तिघांनीही गाडी पाहिलेली नाही. पण ‘असेल’ हा नुसता तर्क आहे, ‘असावी’ला काहीतरी आधार आहे, आणि ‘असणार’ म्हणणाऱ्याला जवळजवळ खात्री आहे. इंग्रजीत ही चढण अशी लावता येते: ‘इट मे हॅव गॉट स्टक’, मग ‘इट हॅज प्रॉबेब्ली गॉट स्टक’, आणि शेवटी ‘इट मस्ट हॅव गॉट स्टक’. मधल्या ‘असावी’साठी इंग्रजीत नेमके एक मोडल नाही, आधार भक्कम असेल तर मस्ट, नाहीतर प्रॉबेब्ली.

‘असेल’मध्ये एक खड्डा आहे. रूपाने तो भविष्यकाळ, म्हणून ‘तो घरी असेल’ याचे ‘ही विल बी ॲट होम’ केले जाते. इंग्रजीत हे वाक्य चालते, पण ते बरेच ठाम आहे. बोलणाऱ्याला तो घरीच आहे याची जवळजवळ खात्री असते. नुसता तर्क असेल तर ‘ही मे बी ॲट होम’ किंवा ‘ही माइट बी ॲट होम’. याउलट ‘जाणार’ला मे लावणे चूक. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोडप्याबद्दल गावात ‘ते जाणार’ असे म्हणतात, ‘जातील कदाचित’ असे नाही; उचल घेतली म्हणजे जाणे ठरले. याला ‘दे आर गोइंग टू लीव्ह’. उचल अजून घेतली नसेल आणि घरात विचार चालू असेल तर ‘दे मे लीव्ह’.

मे आणि माइट यांत फरक आहे, पण तक्त्यात दाखवतात तेवढा नाही. माइट हे मुळात मेचे भूतकाळी रूप. आज वर्तमान आणि भविष्याबद्दल बोलताना दोन्ही जवळजवळ सारखीच वापरली जातात; माइटमध्ये शक्यता थोडी लांबची वाटते एवढेच. बोलीभाषेत माइट जास्त ऐकू येते, मे लेखी आणि औपचारिक मजकुरात. मात्र ‘तो म्हणाला की कदाचित उशीर होईल’ अशा सांगितलेल्या वाक्यात मे मागे सरकून माइट होते: ‘ही सेड ही माइट बी लेट.’ कुडही शक्यतेला चालते, ‘इट कुड रेन’, आणि त्याचा भूतकाळाशी काही संबंध नसतो.

मेबरोबर परहॅप्स जोडू नये. ‘कदाचित तो येऊ शकेल’ असे मराठीत दोन शक्यता एकावर एक रचून सहज बोलले जाते, त्यामुळे ‘परहॅप्स ही मे कम’ लिहिले जाते. इंग्रजीत एकच पुरते: ‘ही मे कम’ किंवा ‘परहॅप्स ही’ल कम’.

‘येऊ शकेल’ या रूपाबद्दल आणखी एक सांगायला हवे, कारण इथे मराठीच मोघम आहे. ‘डॉक्टर उद्या येऊ शकतील’ याचे दोन अर्थ होतात. एक, उद्या डॉक्टर येण्याची शक्यता आहे. दुसरा, उद्या त्यांना यायला जमणार आहे. पहिल्याला ‘द डॉक्टर मे कम टुमॉरो’, दुसऱ्याला ‘द डॉक्टर विल बी एबल टू कम टुमॉरो’. आणि दोन्ही एकत्र हवे असतील, म्हणजे जमण्याची शक्यता आहे असे म्हणायचे असेल, तर ‘माइट बी एबल टू कम’. मोडलनंतर कॅन चालत नाही, पण ‘बी एबल टू’ चालते, हा त्याचा सर्वांत मोठा उपयोग.

घडून गेलेल्या गोष्टींबद्दलच्या शक्यतेत मराठी पुन्हा मदतीला येते. इंग्रजीत मोडलनंतर ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. ‘शी मे हॅव मिस्ड द बस’ म्हणजे तिची गाडी चुकली असेल; काय झाले ते ठाऊक नाही. पण ‘ही कुड हॅव गॉन टू पुणे’ याचे दोन अर्थ आहेत आणि ते मराठीत दोन वेगळ्या रूपांत जातात. ‘तो पुण्याला गेला असेल’, म्हणजे गेला की नाही माहीत नाही. ‘तो पुण्याला जाऊ शकला असता’, म्हणजे संधी होती, गेला नाही. ‘असेल’ आणि ‘असता’ यांतला हा फरक मराठी मुलगा कधी चुकत नाही, आणि इंग्रजी वाचताना त्याने वाक्याखाली पेन्सिलीने नुसते ‘असेल’ की ‘असता’ लिहिले तरी अर्थ पक्का होतो. मे आणि माइट यांतही इथे एक काम वेगळे आहे. पुराच्या पाण्यात उतरलेला माणूस वाचून परत आल्यावर ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ म्हणतात, म्हणजे बुडाला असता. अजून शोध चालू असेल तर ‘ही मे हॅव ड्राउन्ड’, म्हणजे बुडाला असेल. सिंदफणा नदीवर माजलगाव धरण आहे, आणि पाणी सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते सांगावे लागत नाही.

नकाराचा भाग अनेक पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो, तो तसा उरकू नये. ‘मे नॉट’ आणि ‘कॅनॉट’ यांत ‘नॉट’ वेगवेगळ्या जागी लागू पडतो. ‘द न्यूज मे नॉट बी ट्रू’ म्हणजे बातमी खरी नसण्याची शक्यता आहे. ‘द न्यूज कान्ट बी ट्रू’ म्हणजे बातमी खरी असण्याची शक्यताच नाही. मराठीत ‘नसणे’ हे वेगळे क्रियापद असल्यामुळे हे दोन्ही अर्थ स्वच्छ सुटे होतात: ‘बातमी खरी नसू शकते’ आणि ‘बातमी खरी असू शकत नाही’. ‘नसू’ असेल तिथे मे नॉट किंवा माइट नॉट, ‘शकत नाही’ असेल तिथे कान्ट. भूतकाळातही तसेच: ‘पत्र पोचलं नसेल’ याला ‘द लेटर मे नॉट हॅव रीच्ड’, ‘पत्र पोचलं असणं शक्यच नाही’ याला ‘द लेटर कान्ट हॅव रीच्ड’. खात्रीचा तर्क होकारात मस्ट आणि नकारात कान्ट, ही जोडी इथूनच येते. ‘मस्ट नॉट’ हे बहुधा मनाईसाठी आहे, तर्कासाठी नाही.

शक्यतेचा प्रश्न विचारताना मे वापरत नाहीत. ‘मे आय कम इन?’ आहे, पण तो परवानगीचा प्रश्न. ‘उद्या पाऊस पडेल का?’ याला ‘मे इट रेन टुमॉरो?’ होत नाही. ‘विल इट रेन?’, ‘डू यू थिंक इट’ल रेन?’ किंवा ‘कुड इट रेन?’ असे विचारतात. होकारात बंद असलेले कॅन प्रश्नात मात्र उघडते: ‘कॅन इट बी ट्रू?’, हे खरे असेल का?

बारावीच्या कृतिपत्रिकेतली सूचना या सगळ्याच्या मानाने साधी असते. वाक्य साध्या काळात दिलेले असते आणि त्यात मोडल बसवायचे असते. ‘ही रन्स फास्ट’ यात क्षमता आणायची तर ‘ही कॅन रन फास्ट’. रन्सचा ‘एस’ गळतो, आणि तो न गळाल्याने जेवढी उत्तरे चुकतात तेवढी मोडल चुकल्याने चुकत नाहीत. ‘द टीम विन्स द मॅच’ यात शक्यता आणायची तर ‘द टीम मे विन द मॅच’. इथे कॅन लिहिले तर ती क्षमता होते, संघाला जिंकता येईल एवढी ताकद आहे असा अर्थ निघतो. वाक्य भूतकाळात असेल तर जपून. ‘शी ॲन्सर्ड ऑल द क्वेश्चन्स’ या वाक्यात क्षमता आणायला सांगितली की मोडल म्हणून कुडच हाती उरते: ‘शी कुड ॲन्सर ऑल द क्वेश्चन्स’. मूळ वाक्यात उत्तरे दिलेली होती, नव्या वाक्यात ती देण्याइतकी तयारी होती एवढेच उरले. ‘देता आली’चे ‘देता येत होती’ झाले. परीक्षेत मोडलच मागितले आहे म्हणून कुड लिहावे. तीच गोष्ट पत्रात किंवा अर्जात सांगायची असेल, तर ‘शी वॉज एबल टू ॲन्सर ऑल द क्वेश्चन्स’ लिहावे.